रात्रपाळीची भरपाई: डेन्मार्कमधले एक प्रकरण

स्तनाचा कॅन्सर झालेल्या काही स्त्रियांना २००८ साली डेन्मार्कमध्ये नुकसानभरपाई मंजूर झाली. आजाराचे कारण म्हणून मान्य झाले ते त्यांच्या कामाचे वेळापत्रक, म्हणजे वीस-वीस, तीस-तीस वर्षे केलेली रात्रपाळी. अर्जदारांत नर्स होत्या, विमानातल्या केबिन क्रू होत्या. मार्च २००९ मध्ये ही बातमी डेन्मार्कबाहेर पोचली, तेव्हा मंजूर अर्जांची संख्या चाळिशीच्या जवळ गेली होती. ज्यांच्या घरात हा आजार आधी होऊन गेला होता, अशा स्त्रियांचे अर्ज मात्र फेटाळले गेले. रात्रपाळी आणि कॅन्सर यांचा संबंध मान्य करून पैसे देणारा डेन्मार्क हा पहिला देश मानला जातो.

झोप आणि कॅन्सर यांच्या नात्याबद्दल एरवी जे वाचायला मिळते ते बहुतेक वेळा ‘संबंध असू शकतो, संशोधन चालू आहे’ इथे येऊन थांबते. संशोधकाला ते चालते. एका बाईचा अर्ज टेबलावर असलेल्या समितीला चालत नाही. तिला हो किंवा नाही लिहावेच लागते. या प्रकरणाकडे बारकाईने पाहावे ते त्यासाठी. माझे मत असे, की उपलब्ध पुराव्यावर तो निर्णय रास्त होता. पण त्यातली रेघ कायद्याच्या सोयीने ओढलेली होती, आणि पैसे देण्यापेक्षा मोठे काम, म्हणजे रात्रपाळ्या लावण्याची पद्धत बदलणे, फार मागे राहिले.

अर्जात काय पाहिले गेले

डेन्मार्कच्या कायद्यात व्यवसायजन्य आजारांना दोन वाटा आहेत. एक अधिकृत यादी आहे. आजार यादीत असला आणि काम त्या प्रकारचे असले, तर कामगाराला फारसे सिद्ध करावे लागत नाही. आजार यादीत नसला तर प्रकरण व्यवसायजन्य आजार समितीकडे जाते. तिथे निकष कडक असतो. आजार निव्वळ किंवा मुख्यत्वेकरून कामाच्या विशिष्ट स्वरूपामुळे झाला, असे समितीला वाटले पाहिजे.

स्तनाचा कॅन्सर रात्रपाळीच्या संदर्भात यादीत नव्हता. म्हणून या स्त्रियांचे अर्ज दुसऱ्या वाटेने गेले. समितीने जो ढोबळ नियम धरला तो असा: सरासरी आठवड्याला किमान एक रात्र, असे वीस ते तीस वर्षे काम झालेले असावे आणि आजाराचे दुसरे ठळक कारण दिसत नसावे. आई-बहिणींचा इतिहास असलेल्यांना नकार मिळाला तो या शेवटच्या अटीमुळे. ‘मुख्यत्वेकरून’ या शब्दाचा समितीने लावलेला अर्थ तोच होता. आनुवंशिक धोका आधीच असेल, तर काम हे मुख्य कारण कसे म्हणायचे?

कायद्याच्या चौकटीत हे समजते. माणूस म्हणून मात्र ते पटवून घेणे जड जाते. घरात आजार असलेल्या स्त्रीला रात्रपाळीचा धोका कमी लागतो असे कोणी दाखवलेले नाही. उलट दोन धोके एकत्र आले तर काळजी अधिक वाटायला हवी. पण कायदा विचारत होता, कारणात कामाचा वाटा किती, आणि त्या हिशेबात तिच्या कामाचा वाटा लहान पडला.

समितीसमोरचा पुरावा

रात्रीचा उजेड आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंध असेल, हा विचार १९८७ पासूनचा. अमेरिकेतले संशोधक रिचर्ड स्टीव्हन्स यांनी त्या वर्षी एक तर्क मांडला. औद्योगिक देशांत स्तनाचा कॅन्सर जास्त का, याचे एक उत्तर विजेच्या दिव्यांत असेल का? रात्री अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. प्रखर उजेड पडला की ते दबते, हे १९८० मध्येच माणसांवर दिसले होते. तर्क बरोबर असेल तर दोन गोष्टी दिसायला हव्यात: रात्री काम करणाऱ्या स्त्रियांत धोका जास्त, आणि ज्यांना उजेडाची जाणीवच होत नाही अशा दृष्टिहीन स्त्रियांत कमी. पुढे झालेल्या पाहण्यांत दृष्टिहीन स्त्रियांत हे प्रमाण खरोखर कमी आढळले. तर्क सांगितल्यावर मागून पुरावे गोळा करणे सोपे असते. इथे आधी भाकीत केले गेले आणि मग ते तपासले गेले, म्हणून त्याला वजन आहे.

रात्रपाळीबद्दलचे मोठे अभ्यास २००१ मध्ये पाठोपाठ आले. त्यातला एक डेन्मार्कचाच होता. जॉनी हॅन्सन यांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या सुमारे ७,००० स्त्रियांच्या नोकऱ्यांचा इतिहास तपासला आणि प्रामुख्याने रात्री काम करणाऱ्यांत धोका दीडपट आढळला. एवढी मोठी पाहणी त्या लहान देशात झाली कारण तिथे नोंदी आहेत. कॅन्सरची राष्ट्रीय नोंदवही १९४०च्या दशकापासून, नोकरदारांच्या पेन्शन निधीची नोंद १९६४ पासून आणि प्रत्येक नागरिकाचा क्रमांक १९६८ पासून. तीन नोंदवह्या एकमेकींना जोडल्या की कोण कुठे किती वर्षे कामाला होती आणि तिला पुढे काय झाले, हे घरोघर न जाता कळते. एक उणीव होती. कोणत्या बाईने किती रात्री काम केले हे त्या नोंदींत नव्हते. ज्या व्यवसायांत बहुसंख्य कामगार रात्री काम करतात, ते सगळे व्यवसाय रात्रीचे धरले गेले.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीचे निष्कर्ष आले. ७८,५६२ नर्सना १९८८ मध्ये विचारले होते, की महिन्यात किमान तीन रात्री अशी फिरती रात्रपाळी तुम्ही किती वर्षे केली? दहा वर्षांनी पाहिले तर तीस किंवा त्याहून अधिक वर्षे सांगणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर ३६ टक्क्यांनी जास्त निघाला. थोडी वर्षे केलेल्यांत वाढ किरकोळ होती. डेन्मार्कच्या समितीने ‘वीस ते तीस वर्षे’ हा पल्ला का धरला असावा, हे या आकड्यावरून लक्षात येते.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो २००५ चा एक प्रयोग. डेव्हिड ब्लास्क आणि सहकाऱ्यांनी रजोनिवृत्ती न झालेल्या निरोगी स्त्रियांचे रक्त तीन वेळा घेतले: दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्रीच पण डोळ्यांवर प्रखर उजेड टाकल्यावर. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगावर माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरची गाठ वाढवलेली होती. तिच्यातून हे तीन प्रकारचे रक्त एकेक करून खेळवले. अंधारातल्या रक्ताने गाठीची वाढ मंदावली. दिवसाच्या रक्ताने मंदावली नाही. आणि उजेड टाकून घेतलेले रक्त, तीच बाई, तीच रात्र, तरी दिवसाच्या रक्तासारखेच वागले. अंधारातल्या रक्तात मेलाटोनिनचा मार्ग अडवणारे औषध मिसळले तेव्हा त्याचाही गुण गेला. गाठ वाढायला जे लिनोलेइक आम्ल रक्तातून उचलते, ते उचलणे मेलाटोनिनमुळे थांबते, असा उलगडा त्यांनी केला.

उंदरातली गाठ म्हणजे बाईचा आजार नव्हे, हे खरे. पण आकडेवारीतला संबंध नुसता योगायोग असेल का, या शंकेपुढे ठेवायला एक ठोस यंत्रणा मिळाली.

ऑक्टोबर २००७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत, म्हणजे आयएआरसीमध्ये, दहा देशांतले २४ शास्त्रज्ञ जमले. शरीराचे दैनंदिन घड्याळ विस्कटणारे पाळीचे काम त्यांनी ‘२-अ’ गटात टाकले. या गटाचा अर्थ, कॅन्सरला बहुधा कारणीभूत. माणसांमधला पुरावा त्यांना मर्यादित वाटला, प्राण्यांमधला पुरेसा. पुष्कळ बातम्यांत हे चुकीचे छापले जाते म्हणून सांगायला हवे: आयएआरसीचे गट पुराव्याची मजबुती सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. २-अ म्हणजे धोका मोठा असे नाही. डेन्मार्कमधल्या अर्जांचा विचार या निष्कर्षानंतर झाला.

दीडपट म्हणजे किती

इथे प्रकरणाची खरी गाठ आहे. समजा, रात्रपाळी न करता एखाद्या गटात १०० स्त्रियांना हा आजार झाला असता. धोका दीडपट असेल तर १५० जणींना होईल. या १५० पैकी ५० जणींचा आजार रात्रपाळीमुळे आणि १०० जणींचा एरवीही झाला असता. म्हणजे तिघींत एक. पण ती एक कोणती, हे गाठीकडे पाहून, रक्त तपासून, कशानेच सांगता येत नाही. रात्रपाळीने झालेल्या कॅन्सरवर कसली खूण नसते.

‘मुख्यत्वेकरून कामामुळे’ हे गणिताने म्हणायचे तर धोका किमान दुप्पट हवा. तेव्हा कुठे अर्ध्या स्त्रियांचे कारण काम ठरते. सरसकट रात्रपाळीचा धोका तेवढा दिसत नव्हता. समितीने मग काय केले? जिथे धोका सर्वांत जास्त असणार ती बाजू निवडली, म्हणजे दीर्घ काळ, नियमित रात्री आणि दुसरे कारण नाही. एका अर्थी हा शहाणपणा होता. पण त्यामुळे एकोणीस वर्षे काम केलेली बाहेर आणि वीस वर्षे केलेली आत, असे काहीसे होते. शरीरात विसाव्या वर्षी काही बदलते असा पुरावा कुठेच नाही.

केबिन क्रूच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. त्यांचे घड्याळ विस्कटते ते नुसत्या रात्रीने नव्हे, कालपट्टे ओलांडल्यानेही. शिवाय उंचावर वैश्विक किरणांचा मारा जमिनीपेक्षा जास्त असतो. त्यांच्यातल्या वाढीव कॅन्सरमधला झोपेचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे.

नंतर पुरावा डळमळला का?

२०१६ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या निष्कर्षाने खळबळ उडाली. ब्रिटनमधल्या तीन मोठ्या पाहण्या आणि आधीच्या सात एकत्र करून सुमारे १४ लाख स्त्रियांची माहिती पाहिली गेली. रात्रपाळी करणाऱ्यांत धोका न करणाऱ्यांइतकाच निघाला, वीस वर्षांहून अधिक केलेल्यांतही. डेन्मार्कने घाई केली, असे मग पुष्कळांना वाटले.

मला तसे वाटत नाही. त्या ब्रिटिश पाहण्यांतल्या सर्वांत मोठ्या पाहणीत स्त्रियांना रात्रपाळीबद्दल विचारले तेव्हा त्यांचे सरासरी वय साठीच्या पुढे होते. रात्रपाळी सुटून बहुतेकींना बराच काळ लोटला होता आणि त्यानंतरचा पाठपुरावा थोड्या वर्षांचा होता. धोका काम चालू असताना आणि सुटल्यावर लगेच जास्त असेल, तर अशा पाहणीत तो सापडणारच नाही. नेमके हेच पुढच्या अभ्यासांत दिसू लागले. २०१७ मध्ये अमेरिकी नर्सच्या दोन गटांची माहिती पुन्हा तपासली. वयाने मोठ्या गटात चोवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर वाढ उरली नाही. तरुण गटात मात्र, पाहणी सुरू होण्याआधीच वीस वर्षे रात्रपाळी केलेल्या स्त्रियांत धोका दुपटीच्या थोडा वर होता. २०१८ मध्ये पाच देशांतली माहिती एकत्र केली, तेव्हा रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांत आठवड्याला तीन किंवा अधिक रात्री, दहा किंवा अधिक वर्षे केलेल्यांत धोका सुमारे अडीचपट निघाला. रात्रपाळी सोडून दोनहून जास्त वर्षे झालेल्यांत तो उतरलेला होता.

डेन्मार्कमधल्याच एका अभ्यासाने वेगळी बाजू पुढे आणली. सैन्यात काम केलेल्या स्त्रियांची २०१२ मधली ही पाहणी लहान होती, पण तिथे प्रत्येकीला विचारले होते की तुम्ही स्वभावाने पहाटे उठणाऱ्या की रात्री जागणाऱ्या. भरपूर रात्रपाळी केलेल्यांत ज्या पहाटे उठणाऱ्या होत्या, त्यांचा धोका सर्वांत जास्त, जवळपास चौपट निघाला. एवढ्या लहान पाहणीतला आकडा घट्ट धरून बसू नये, पण दिशा पटण्यासारखी आहे. ज्या शरीराला नऊला झोप येते, त्याला रात्रभर उजेडात उभे ठेवले तर घड्याळ जास्त विस्कटणार.

२०१९ मध्ये आयएआरसीने पुन्हा बैठक घेतली. सोळा देशांतल्या २७ शास्त्रज्ञांनी रात्रपाळीला २-अ मध्येच ठेवले. बारा वर्षांत अभ्यासांचा ढीग वाढला, तरी गट वर गेला नाही आणि खालीही आला नाही. स्तनाबरोबर प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कॅन्सरचा उल्लेख त्यात आहे.

मग २००८ चा निर्णय चूक ठरला का? कामगाराच्या हाती जेवढा पुरावा त्या दिवशी होता, त्यावर तिला उत्तर मिळण्याचा हक्क होता. पूर्ण खात्रीची वाट पाहायची ठरवली असती, तर आज इतक्या वर्षांनीही ती वाट संपलेली नसती आणि शंकेचा सगळा भार आजारी बाईवर पडला असता. शंका असेल तेव्हा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न आकडे सोडवत नाहीत. तो समाजाने ठरवायचा असतो, आणि डेन्मार्कने तो आजारी माणसाच्या बाजूने ठरवला. माझी तक्रार आहे ती फक्त घरात आजार असलेल्यांना सरसकट वगळण्याबद्दल.

झोपेच्या इतर तक्रारींशी गल्लत नको

हे प्रकरण वाचून रात्री झोप न येणारा कोणी घाबरेल, म्हणून थोडे स्पष्ट करायला हवे. पाळीच्या कामामुळे होणारी झोपेची बिघडण हा स्वतंत्र निदान असलेला विकार आहे. दिवसा झोप तुटक होते आणि कामावर डोळे मिटतात. पण इथे मुद्दा झोपेच्या तासांइतकाच उजेडाचा आणि शरीरातल्या घड्याळाचा आहे. अंधाऱ्या खोलीत कूस बदलत पडलेल्या माणसाचे मेलाटोनिन रात्रपाळीतल्या नर्ससारखे दबत नाही. साध्या निद्रानाशाने कॅन्सर होतो असा एकसारखा पुरावा नाही.

घोरण्यासोबत श्वास अडणारा स्लीप एपनिया हे तिसरेच प्रकरण. तिथे संशय रक्तातला प्राणवायू रात्रभर वरखाली होण्यावर आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १,५२२ जणांचा २२ वर्षे पाठपुरावा झाला आणि तीव्र एपनिया असलेल्यांत कॅन्सरने मृत्यूचे प्रमाण जवळपास पाचपट आढळले, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी कॅनडातल्या १०,१४९ रुग्णांमध्ये वय, वजन, धूम्रपान हिशेबात घेतल्यावर एपनियाची तीव्रता आणि कॅन्सर यांचा तसा संबंध दिसला नाही. एपनियावर उपचार घ्यावेत ते रक्तदाबासाठी आणि गाडी चालवताना डुलकी लागू नये म्हणून. त्यासाठी कॅन्सरच्या भीतीची गरज नाही.

वेळापत्रक बदलणे

भरपाई आजार झाल्यावर मिळते. रुग्णालये रात्री बंद ठेवता येत नाहीत, विमाने आणि वीजकेंद्रेही नाहीत. म्हणून पाळी कशी लावायची हाच हाताशी असलेला उपाय. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये उपलब्ध पुरावा चाळून शिफारशी दिल्या. सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत, दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तास हवेत, एक पाळी नऊ तासांपेक्षा लांब नको, आणि गरोदर स्त्रीला आठवड्याला एकपेक्षा जास्त रात्र नको. कॅन्सरसोबत अपघात आणि गर्भपाताचा धोकाही त्यांनी विचारात घेतला आहे. पहिली भरपाई मंजूर झाल्यापासून बारा वर्षांनी हे हातात आले. मला हा उशीर निर्णयातल्या कोणत्याही त्रुटीपेक्षा जास्त खुपतो. समितीसमोरच्या फायलींत तेच तर लिहिलेले होते, कोणी आठवड्याला किती रात्री किती वर्षे केल्या.

रात्रपाळी करणाऱ्या बाईला आज काय सांगावे? आपल्या रात्रपाळ्यांची नोंद स्वतःजवळ ठेवावी. रात्रपाळीनंतर झोपायची खोली पुरती अंधारी करावी. सलग रात्री तीनवर थांबवता येत असतील तर थांबवाव्यात. आपल्या वयाला लागू असलेली मॅमोग्राफी टाळू नये, आणि गाठ हाताला लागली तर कामाच्या पाळीचे कारण सांगून तपासणी पुढे ढकलू नये. घरात आजार असेल तर डॉक्टरांना रात्रपाळीबद्दलही सांगावे. वजन आणि दारू यांचा या कॅन्सरशी संबंध पक्का आहे. तिथे मिळणारा फायदा रात्रपाळीबद्दलच्या वादावर अवलंबून नाही.

जुन्या अभ्यासांची मोठी अडचण आठवणीची होती. तीस वर्षांपूर्वी महिन्याला किती रात्री केल्या, हे कोणाला नेमके सांगता येणार? डेन्मार्कमध्ये आता सरकारी रुग्णालयांच्या पगारपत्रकांतून प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पाळीचा दिवस, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ अशी नोंद गोळा केली जाते. ती २००७ पासूनची आहे. तिच्या आधारे २०१७ मध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांची पहिली पाहणी आली आणि थोड्या वर्षांच्या रात्रपाळीने धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. समितीने मागितलेली वीस वर्षे त्या नोंदवहीत पुरी होतात ती २०२७ मध्ये.